पऱ्हाटीचा कोळसा टाकला आणि कपाशी पिवळी पडली, चुकलं कुठे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भाऊंनी विचारलंय. पाच एकर शेती, त्यात तीन एकर बरड (मुरमाड, उथळ) आणि दोन एकर भारी काळी. गेल्या वर्षी व्हिडिओ बघून खड्ड्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या वाळक्या काड्या, जाळून बायोचार, म्हणजे जमिनीत घालायचा कोळसा, केला. निघालेला चारेक क्विंटल कोळसा पेरणीच्या तोंडावर अर्ध्या एकर काळ्या रानात फेकला आणि वखर मारला. कपाशी महिन्याची झाली तर नेमका तेवढाच पट्टा पिवळा, खालची पानं आधी. कोळसा मोडून पाहिला तेव्हा काही काड्या आतून तपकिरी होत्या, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. आता कोणीतरी पस्तीस हजारांची लोखंडी भट्टी घ्या म्हणतंय. ती घ्यावी, की बायोचार म्हणजे नुसती हवा आहे?

भाऊ, भट्टीचं नंतर बघू. आधी पट्टा पिवळा का पडला ते समजून घ्या, कारण तीच चूक पस्तीस हजारांच्या भट्टीतूनही करता येते. मी वर्धा जिल्ह्यात नऊ वर्षं हा उद्योग करतोय आणि पहिल्या वर्षी माझंही असंच झालं होतं.

बायोचार हे खत नाही. खत म्हणजे धान्य. बायोचार म्हणजे कणगी. रिकामी कणगी घरात आणून ठेवली तर घरातलंच धान्य आधी तिच्यात जाणार. ताज्या कोळशाला बारीक छिद्रं असतात आणि तो पाणी, अमोनिया, विरघळलेली अन्नद्रव्यं ओढून धरतो. तुमच्या बाबतीत मात्र मला जास्त संशय त्या तपकिरी काड्यांचा आहे. अर्ध्या एकरात चार क्विंटल कोळसा म्हणजे काही फार नाही, पण त्यात अर्धकच्चं लाकूड असेल तर ते जमिनीत कुजायला लागतं. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, ते मातीतून घेतात आणि रोप उपाशी राहतं. वखराने सगळा माल वरच्या तीन-चार इंचांतच राहिला, म्हणजे कोवळ्या मुळांच्या अगदी तोंडाशी.

खालची जुनी पानं आधी पिवळी पडली, यावरून मी नत्र म्हणतोय. झाड नत्र जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसलं असतं, तर लोहाकडे बोट दाखवलं असतं. चुनखडीच्या काळ्या रानात तेही पुष्कळदा होतं, आणि राखेने ते वाढतं. म्हणून पुढच्या वेळी नुसतं पिवळं पडलं म्हणू नका. कोणतं पान आधी, ते लिहून ठेवा.

आता जमिनीचं. इथे सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही आणि व्हिडिओवाले नेमकं हेच सांगत नाहीत. बायोचारची कीर्ती पसरली ती अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीमुळे. तिथल्या मूळ रहिवाशांनी शेकडो वर्षं कोळसा, राख, माशांची हाडं, स्वयंपाकघरातला कचरा, मैला असं सगळं एका जागी टाकलं आणि तिथली निकस, आम्लधर्मी जमीन सुपीक झाली. त्यात नुसता कोळसा नव्हता, आणि मूळ जमीन आम्लधर्मी होती, या दोन गोष्टी लक्षात ठेवा. बायोचार स्वतः अल्कधर्मी असतो. सामू (pH) सहसा ८ ते १० च्या दरम्यान. आम्लधर्मी मातीत तो चुन्यासारखं काम करतो, आणि जगभरच्या प्रयोगांत उत्पादनात जी मोठी वाढ दिसते तिचा बराच वाटा या चुन्याच्या गुणाचा आहे. २०१७ साली अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली, तीत उष्ण कटिबंधात सरासरी २५ टक्के वाढ दिसली आणि समशीतोष्ण भागात जवळजवळ शून्य. उष्ण कटिबंधातल्या त्या जमिनी बहुतेक आम्लधर्मी आणि निकस होत्या. आपण उष्ण कटिबंधात आहोत म्हणून २५ टक्के आपल्याही पदरात पडतील, असा हिशोब करू नका.

कोकणातल्या जांभ्या जमिनीत हा गुण सरळ कामाला येतो. आपल्या काळ्या रानाचा सामू आधीच आठच्या आसपास, खाली चुनखडीचे खडे. तिथे चुना कोणाला हवाय? शिवाय अन्नद्रव्यं धरून ठेवायचं काम बेसाल्ट झिजून झालेली ही चिकणमाती स्वतःच उत्तम करते. काळी जमीन म्हणजे कर्बाने भरलेली, हाही एक गैरसमज. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली दिसला की लोक चकित होतात. तर कर्ब तिथेही हवाच आहे, पण तो शेणखताने आणि पालापाचोळ्याने भरणं स्वस्त पडतं. माझ्या भारी रानात तीन वर्षांनी एवढाच फरक कळला की वखर जरा हलका चालतो. कापसात मला डोळ्याला दिसेल असं काही मिळालं नाही.

बरडाची गोष्ट निराळी. मुरमाड, उथळ रान, पाणी पडलं की खाली निघून जातं, युरिया त्याच्याबरोबर. अशा जमिनीत कणगीची खरी गरज असते. माझ्या बरडात एका वर्षी ऑगस्टमध्ये पावसाने वीसेक दिवस दडी मारली. बायोचार मिसळलेलं शेणखत ज्या तासांना (ओळींना) होतं तिथली पऱ्हाटी दुपारी बारापर्यंत पानं ताठ ठेवायची, शेजारचे तास दहालाच माना टाकायचे. मी रोज न्याहारीची शिदोरी घेऊन तिथेच बसायचो, म्हणून हे पाहिलं. नाहीतर संध्याकाळी सगळी सारखीच दिसतात. तेव्हा तुमचे तीन एकर बरड आधी धरा. चार क्विंटल काळ्या रानात गेले, ते चुकीच्या घरी गेले.

मग किती टाकायचं? इथे कागद-पेन्सिल घ्या. कोरडवाहू कपाशीच्या एकरी साधारण एक टन वाळलेल्या पऱ्हाट्या निघतात. रान चांगलं असेल तर जास्त. खड्ड्याच्या पद्धतीने त्यातून वजनाच्या २० ते २५ टक्के कोळसा मिळतो, म्हणजे एकरी दोन ते अडीच क्विंटल. प्रयोगांत जे डोस वापरतात ते सहसा हेक्टरी ५ ते १० टन, म्हणजे एकरी २ ते ४ टन. एका एकराला तेवढं द्यायचं तर कमीत कमी आठ-दहा एकरांच्या पऱ्हाट्या गोळा कराव्या लागतील. हे गणित कोणी मांडत नाही. लोक प्रयोगाचं उत्पन्न बघतात आणि आपल्या शेतातला टोपलीभर कोळसा फेकतात.

आपल्याकडे माल थोडा, म्हणून तो फेकायचा नाही, जागेवर द्यायचा. मी सरकी टोबतो, म्हणजे ठरल्या अंतरावर हाताने लावतो. चार फूट बाय एक फूट अंतर धरलं तर एकरी सुमारे अकरा हजार जागा होतात. दोन क्विंटल बायोचार आणि आठ-नऊ क्विंटल कुजलेलं शेणखत एकत्र केलं की प्रत्येक जागेला एक मूठ बसते, शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका एकराच्या पऱ्हाट्यांतून त्याच एकराची सोय होते. त्यात कोळसा वीस ग्रॅमही नसतो, पण तो मुळाच्या जागी असतो. आणि दरवर्षी थोडा थोडा पडत गेला तरी चालतं, कारण तो शेणखतासारखा दोन-तीन वर्षांत उडून जात नाही. नीट भाजलेला कोळसा मातीत शेकडो वर्षं टिकतो.

तो भिजवायचा कसा, हा तुमचा मुख्य धडा. मी वेगळी टाकी, वेगळं द्रावण वगैरे काही करत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत केलेला कोळसा फावड्याच्या पाठीने चेचून हरभऱ्याएवढा करतो आणि गोठ्यात बैलांच्या मागे, जिथे मूत साचतं तिथे पसरतो. दोन बैल आणि एक गाय असेल तर टोपलीभर कोळसा दोन-तीन दिवस मूत पितो. भिजला की शेणाबरोबर उचलून उकिरड्यात, दुसरी टोपली खाली. गोठ्याचा उग्र वास पहिल्या आठवड्यातच कमी होतो. तो वास म्हणजे हवेत उडून जाणारं नत्रच, ते आता कोळशात अडकतं. उकिरडा उन्हाळ्यात दोनदा पाणी मारून खालीवर करा. मृगापर्यंत माल तयार. तोंडावर घाई असेल तर शेणकाला आणि गोमूत्रात तीन-चार आठवडे भिजवूनही काम होतं, पण गोठ्याची सर येत नाही. जनावरंच नसतील तर कोळशाचे कष्ट घेण्याआधी शेणखत कुठून येणार ते बघा.

आता खड्डा. भट्टी घेऊ नका, निदान यंदा तरी नको. जमिनीत उलट्या शंकूसारखा खड्डा खणा: वर चार फूट रुंद, तळाला दोन फूट, खोली अडीच फूट. हीच कल्पना लोखंडी शंकूच्या रूपात २०१४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये पुढे आली आणि ‘कॉन-टिकी’ नावाने जगभर गेली. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने दोनशे लिटरच्या पिंपाची भट्टी केली आहे, तीही साधी आहे. पण पऱ्हाटी लांब आणि वेडीवाकडी. पिंपात भरायला तिचे तुकडे करत बसावं लागतं. खड्ड्यात ती तशीच जाते.

पऱ्हाटी चिमट्याने उपटली की मुळाची माती झटका आणि तीन आठवडे उन्हात पडू द्या. हाताने मोडल्यावर कडकन आवाज आला पाहिजे, वाकली तर थांबा. खड्ड्याच्या मधोमध बारीक काड्यांची उभी रास रचून वरून पेटवा, खालून नाही. वरून पेटवलं की धूर जाळातून जातो आणि तिथेच जळतो. निखारा झाला की एक थर पसरा. त्या थरावर करड्या राखेची साय धरायला लागली की लगेच दुसरा थर. सगळी कला या एका क्षणात आहे. उशीर केला तर कोळशाची राख होते. घाई केली तर जाळ दबतो, पांढरा धूर निघतो आणि आतल्या काड्या तपकिरी राहतात. तुमचं हेच झालं असणार. वरचा जाळ खाली जाणारी हवा आधीच खाऊन टाकतो, म्हणून खालचा कोळसा जळत नाही, जाळाखाली झाकलेला राहतो. एका खड्ड्यात अडीच-तीन क्विंटल पऱ्हाट्या जातात, तीन तास लागतात आणि पन्नास-साठ किलो कोळसा निघतो. शेजारी दुसरा खड्डा असेल तर दोन माणसं दोन्ही सांभाळतात.

विझवायला दोनशे लिटरचे दोन ड्रम पाणी आधीच भरून ठेवा. जाळ लावल्यावर पाण्याला धावणारे मी पाहिलेत. पाणी ओतून पंधरा मिनिटांनी फावड्याने खालीवर करा आणि पुन्हा ओता. पाणी नसेल तर ओल्या मातीने लिंपून दोन दिवस बंद ठेवा. इथे मी एकदा मार खाल्लाय. वरून गार लागला म्हणून कोळसा प्लास्टिकच्या पोत्यांत भरून गोठ्याच्या पडवीत ठेवला. रात्री दोनला कुत्रं भुंकायला लागलं म्हणून उठलो, तर एक पोतं आतून लाल आणि वरच्या कडब्याला धग लागलेली. बैल सोडायला मिळाले, कडबा गेला. तेव्हापासून कोळसा दोन रात्री उघड्यावर, घरापासून लांब, आणि हात आत घालून बघितल्याशिवाय पोत्यात नाही.

चांगला कोळसा ओळखायची माझी रीत साधी आहे. तुकडा फरशीवर टाकला की खापरीसारखा किणकिणतो. बोटांवर घासला तर काळं होतं, पण साध्या पाण्याने निघतं. तेलकट राहिलं, साबण लागला किंवा डांबरासारखा वास आला तर तो कच्चा. कच्चा माल वेगळा काढून पुढच्या खड्ड्यात पुन्हा घाला. आणि वरची पांढरी राख काळ्या रानाच्या वाट्याला जाऊ देऊ नका. विझवल्यावर राख पाण्याबरोबर तळाशी बसते, ती तिथेच सोडा. चेचताना तोंडाला ओला रुमाल बांधा आणि कोळसाही ओलाच चेचा. ती धूळ छातीत जाते.

दोन गोष्टी भरभर सांगतो. घरात चुलीला पऱ्हाटीच लागत असेल तर आधी चूल. बायोचार करून सरपण विकत आणणं हा वेडेपणा. बांधावरची वेडी बाभूळ, घाणेरी या कामाला पऱ्हाटीपेक्षा सरस, जाड आणि एकसारखी. पण पऱ्हाटी शेतात उभी किंवा धुऱ्यावर ढीग लावून ठेवू नका. २०१७ ला विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. न फुटलेल्या बोंडांत ती पुढच्या हंगामापर्यंत झोपून राहते. डिसेंबरअखेर रान मोकळं करून जानेवारीत खड्डा पेटवणं या एका कारणासाठीसुद्धा परवडतं. उघड्यावर जाळलं तरी अळी मरते हे खरं, पण हातात उरते नुसती राख. खड्ड्याच्या पद्धतीत पऱ्हाटीतला तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कर्ब कोळशात राहतो, बाकी जाळात जातोच.

दुसरी गोष्ट कार्बन क्रेडिटची, म्हणजे कर्ब जमिनीत अडकवून ठेवल्याच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशांची. गावोगाव माणसं फिरताहेत. एका टन चांगल्या बायोचारमागे अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरला जातो, आणि तुमची तीन एकर कपाशी धरली तर निघणार सहा-सात क्विंटल. म्हणजे जेमतेम दीड-पावणेदोन टन. यावर भट्टीचा हप्ता फेडायचं स्वप्न कोणी दाखवत असेल तर करारात क्रेडिटची मालकी कोणाची आणि किती वर्षं, ते वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका.

यंदाचं काम म्हणाल तर एक एकर बरड निवडा. त्यात चार तासांना बायोचार मुरवलेलं शेणखत, शेजारच्या चार तासांना तेवढंच नुसतं शेणखत, असं आलटून पालटून तीनदा करा. तुलना शेणखताशीच करायची. मोकळ्या रानाशी केली तर शेणखताचं श्रेय कोळशाला जाईल, आणि अशीच भरमसाट आकडे सांगणारी भाषणं तयार होतात. दर वेचणीला दोन्हींचा कापूस वेगळा तोला. फरक निघाला नाही तर मलाही कळवा, मी वाईट वाटून घेणार नाही. पेरणीनंतर पेंडिमेथालिन मारत असाल तर एक खूण ठेवा: कोळसा तणनाशकाचा अंश धरून ठेवतो, त्यामुळे त्या तासांत तण थोडं जास्त येऊ शकतं. डवऱ्याची (कोळपणीची) तयारी ठेवा.

गेल्या वर्षीच्या त्या अर्ध्या एकराचं काय? तो कोळसा वाया गेला नाही आणि उकरून काढायचाही नाही. कच्च्या काड्या एव्हाना बऱ्याच कुजल्या असतील, आणि त्यांनी अडकवलेलं नत्र हळूहळू परत सुटतं. यंदा तिथे कपाशी घेऊ नका, सोयाबीन घ्या. तिला नत्राची उसनवारी लागत नाही. बियाण्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारं जिवाणू खत) चोळा. फुलोऱ्यावर आली की पट्ट्यातली दहा झाडं आणि बाहेरची दहा झाडं खुरप्याने मुळासकट काढा, पाण्यात हलकेच धुवा आणि मुळांवरच्या गाठी मोजा. दोन-चार गाठी नखाने फोडून बघा. आतून गुलाबी निघाल्या तर त्या काम करताहेत. हिरवट किंवा करड्या निघाल्या तर फोटो पाठवा, मग पुढचं बोलू.